लाकडाला बोल लावू नका

मागच्या उन्हाळ्यात नातू नाशिकहून आला. बॅगेबरोबर एक लांबोळकं गोणपाट होतं. ओट्यावर ते सोडलं तर आत धनुष्याचे दोन तुकडे. लाकडाच्या वखारीतून सागाची पट्टी आणून, मोबाइलवर बघून बघून त्यानं ते केलं होतं. पट्टीला आणि हत्यारांना मिळून नऊशे रुपये गेले. पहिल्यांदाच दोरी चढवली, कानापर्यंत ओढली आणि फाडकन आवाज झाला.

मी तुकडे हातात घेतले. तो म्हणाला, "आप्पा, लाकूडच खराब निघालं. आता बाहेरून चांगलं लाकूड मागवतो. पाच हजाराला मिळतं."

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. पन्नास वर्षांपूर्वी याच ओट्यावर मी ते बोललो होतो, आणि त्या एका वाक्याची लाज मला अजून वाटते. म्हणून हा लेख लिहितोय. धनुष्य कसं करावं ते यात सांगणार आहेच, कारण ते मला येतं. पण त्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो. ज्याचं पहिलं धनुष्य मोडतं तो लाकडाला नावं ठेवतो. ते खोटं असतं. शंभरातली नव्वद मोडकी धनुष्यं लाकडामुळं मोडत नाहीत, करणाऱ्याच्या घाईनं मोडतात. आणि त्याला "महागडं लाकूड घे" असं सांगणारे त्याचं भलं करत नाहीत, त्याची चूक झाकायला पैसे मागतात.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याच्या बाजूला. आता नंदुरबार जिल्हा आहे, १९९८ पर्यंत धुळे होता. गावाच्या खालच्या अंगाला भिलाटी. आमच्याकडं तेव्हा पंचवीस एकर रान, दोन बैलजोड्या आणि एक सालदार. खानदेशात सालदार आखाजीला ठरतो. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखाजी म्हणतात. त्या दिवशी वर्षाचं धान्य, रोख, कपडा, जोडे बोलायचे, आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस तुमच्या दावणीला. तुमचं पटलं नाही तर त्या दिवशी तो मोकळा, नाहीतर तुम्ही मोकळे. मोकळं होणं कुणाला परवडायचं आणि कुणाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

आमचे सालदार भिल्ल होते. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं आसपासच राहतात, त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे. एवढंच सांगतो की मी चौदा वर्षांचा पोरगा त्यांना अरे-तुरे करायचो, आणि ते माझ्या वडलांच्या वयाचे असून मला "भाऊ" म्हणायचे. आज लिहिताना मी "ते" लिहितो. तेव्हा कधी तोंडातून आलं नाही.

भिल्ल आणि धनुष्य यांचं नातं सांगायची गरज नाही. भिल्ल हा शब्दच द्रविड भाषांतल्या "विल्" म्हणजे धनुष्य या शब्दावरून आला असं पुष्कळ अभ्यासक मानतात. आमच्याकडं त्याला कामठा म्हणतात. सातपुड्यातला कामठा बहुतेक बांबूचा असतो, आणि दोरीसुद्धा बांबूच्याच चिपेची. आमच्या सालदारांचा कामठा तसाच होता. पण मला पाहिजे होता लाकडाचा. शाळेच्या पुस्तकात रामाच्या हातात जसं चित्र होतं, तसा. मी हट्ट धरला. ते हसले आणि म्हणाले, मग धामण पाहिजे.

धामण म्हटलं की शहरातल्या माणसाला साप आठवतो. हे झाड वेगळं. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी, जिथं लाकडानं वाकून परत सरळ व्हायचं असतं तिथं जुनी माणसं धामण वापरत. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या झाडाला धनुर्वृक्ष असं नाव आहे. म्हणजे ज्यांनी नाव ठेवलं त्यांना याचा उपयोग ठाऊक होता. आमच्या नाल्याकडच्या बांधावर एक धामण होती. १९७२ च्या माघात त्यांनी तिचं मनगटापेक्षा थोडं जाड, सरळ वाढलेलं एक खोड काढलं.

आता इथं लक्ष द्या, कारण धनुष्य इथंच निम्मं होतं किंवा निम्मं मोडतं. खोड तोडण्याआधी त्यांनी झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. सालीवरच्या रेषा बघितल्या. साल पिळलेली दिसली तर आतलं लाकूडही पिळलेलं असतं, ते घ्यायचं नाही. गाठी किती, फांद्या कुठं फुटल्यात, किडीची भोकं आहेत का, हे सगळं उभ्या झाडावर बघितलं. तोडल्यावर करवत लावली नाही. एका टोकाला पाचर ठोकली, मग पुढं दुसरी, मग तिसरी, आणि खोड चिरत चिरत दोन फाळ केले. मी विचारलं, करवतीनं लवकर होईल की! ते म्हणाले, करवत तिच्या मनानं जाते, पाचर लाकडाच्या मनानं जाते.

यातला अर्थ मला फार उशिरा कळला. लाकूड म्हणजे लांब लांब तंतूंची जुडी. पाचर तंतूंच्या मधून वाट काढते, म्हणून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. करवत सरळ रेषेत चालते आणि तंतू तिरपे असले तर मधेच कापून टाकते. नातवाच्या पट्टीत नेमकं हेच झालं होतं. तिच्यावरच्या रेषा मुठीच्या वर तिरप्या होऊन काठातून बाहेर पडल्या होत्या, आणि बरोबर त्याच रेषेवर ती उकलली होती. सागाचा यात काय दोष? त्यानं पट्टी घेताना रंग बघितला, रेषा बघितल्या नाहीत. फळीचं धनुष्य होत नाही असं नाही, होतं. पण मग वखारीत अर्धा दिवस घालवून अशी फळी शोधायची की जिच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात. वखारवाला वैतागेल. वैतागू द्या.

दोन्ही फाळांच्या टोकांना त्यांनी शेण लिंपलं. लाकूड टोकाकडून लवकर वाळतं आणि तिथं तडे जातात, शेणानं ते हळू वाळतं. शहरात शेण नसेल तर रंग लावा, मेण लावा, काम तेच. मग फाळ गोठ्याच्या माळ्यावर सावलीत आडवे ठेवले. म्हणाले, दिवाळीपर्यंत विसरून जा. ओलं लाकूड वाकतं, पण परत येत नाही. त्याचं धनुष्य केलं तर चार दिवसांत ते वाकलेलंच राहतं.

त्या साली पाऊस आला नाही. १९७२ चा दुष्काळ सगळ्या महाराष्ट्रानं भोगला, आम्हीही भोगला. विहिरीनं तळ दाखवला, एक बैलजोडी विकली, घरात अमेरिकेची लाल मिलो शिजायला लागली. त्या वर्षात पोराच्या धनुष्याचं कुणाला पडलं असेल? पण दिवाळी झाली आणि सालदारांनी आपण होऊन माळ्यावरून एक फाळ काढला. रानात काम उरलं नव्हतं, संध्याकाळ मोकळी असायची.

पहिल्या दिवशी त्यांनी मला दोन शब्द शिकवले, पाठ आणि पोट. धनुष्य हातात धरल्यावर निशाणाकडची बाजू ती पाठ, आपल्याकडची ते पोट. ओढल्यावर पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. मोडायला सुरुवात बहुतेक वेळा पाठीवर होते. म्हणून पाठीला हत्यार लावायचं नाही. साल हलक्या हातानं सोलायची, आणि तिच्याखाली जो गुळगुळीत थर लागतो तीच पाठ. तिथं गाठीचा उंचवटा असला तर असू द्यायचा. तो तासून सपाट केला की तंतू तुटले. सगळं तासणं, खरवडणं फक्त पोटाकडून. हे एक वाक्य जरी पाळलं तरी निम्मी धनुष्यं वाचतील.

लांबी त्यांनी माझ्या कपाळाएवढी घेतली. मला चित्रातल्यासारखं आखूड, टुमदार पाहिजे होतं. ते ऐकेनात. आखूड धनुष्याला तेवढ्याच ओढीला जास्त वाकावं लागतं, लांब धनुष्य चूक पोटात घालतं. शिकणाऱ्यानं लांबच करावं. मधे वीतभर मूठ जाड ठेवली, ती वाकू द्यायची नाही. मुठीपासून दोन्ही टोकांकडं वाकसानं हळूहळू बारीक करत नेलं. मग वाकस बाजूला. त्यापुढं कानस आणि फुटक्या बाटलीची काच. काचेच्या धारेनं कागदासारखी साल निघते, त्याहून जास्त निघत नाही. शिकाऊ माणसासाठी एवढं चांगलं हत्यार दुसरं नाही. फक्त बोटाला फडकं गुंडाळा.

मग खरं काम सुरू झालं. गोठ्याच्या खांबाला खुंटी ठोकून त्यांनी धनुष्याची मूठ तिच्यावर टेकवली. दोरी ढिली, धनुष्याहून लांब. तिला सुंभ बांधून खाली ओढायचं, चार बोटं. मग मी ओढायचं आणि त्यांनी लांब जाऊन बघायचं, त्यांनी ओढायचं आणि मी बघायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का? कुठं ताठ आहे? कुठं एकदम कोपरासारखं वळतंय? ताठ दिसेल तिथं कोळशाची खूण करायची, तिथंच काच फिरवायची, दहा-बारा वेळा. पुन्हा खुंटीवर. पुन्हा वीस वेळा हळू ओढायचं, म्हणजे लाकडाला नवा वाक समजतो. मग पुन्हा बघायचं. आज चार बोटं, तीन दिवसांनी वीतभर, आठवड्यानं दीड वीत. त्यांचं एक वाक्य मी रोज ऐकायचो, "लाकूडले दम दे, भाऊ."

आणि एक ताकीद. जिथं जास्त वाकतंय तिथं काच लावायची नाही. काही झालं तरी नाही. ती जागा सोडून तिच्या दोन्ही बाजूंना कमी करायचं, म्हणजे तिचा भार वाटला जातो.

नातू बारावी सायन्सला आहे. त्यानं मला हिशेब सांगितला तो इथं देतो. लाकडाची रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. पण जाडी निम्मी केली तर निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. म्हणजे जाडीतून एक कागद काढला तरी लाकडाला कळतं. सालदारांनी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. त्यांना हा आकडा ठाऊक नव्हता, पण त्यांच्या हाताला ठाऊक होता.

आता माझी गोष्ट सांगतो. पौष महिना होता. धनुष्य जवळजवळ होत आलं होतं. सालदार दोन दिवसांसाठी पाहुण्यांकडं डोंगरात गेले. जाताना म्हणाले, मी येईपर्यंत ओढू नको, वरच्या अंगाला अजून थोडं काम आहे. दोन दिवस! मला दोन दिवस निघेनात. शेजारची पोरं रोज विचारायची, झालं का रे? दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच काच घेऊन बसलो. वरच्या अंगाला एक जागा छान वाकत होती. मला वाटलं, इथं आणखी वाकलं तर सगळं धनुष्य सोपं होईल. तिथंच खरवडत बसलो. ज्या जागेला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं, तिथंच. मग आखूड दोरी चढवली, पोरांना बोलावलं आणि पहिल्याच दमात कानापर्यंत ओढली.

वरचा अंग मोडून माझ्या तोंडावर आला. डाव्या भुवईवर चार टाके पडले. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. आई रडायला लागली. वडील रानातून आले. रक्त बघून त्यांनी विचारलं, काय झालं?

मी म्हणालो, "लाकूडच खराब दिलं त्यानं."

त्या वाक्यात "दिलं त्यानं" कुठून आलं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी नुसतं लाकूड खराब होतं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण खापर फोडायचं तर डोकं लागतंच, आणि आमच्या घरात त्या कामासाठी एक डोकं वर्षाच्या करारानं ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालदार आले. वडलांनी अंगणातच सुरुवात केली. पोराचा डोळा गेला असता, अक्कल आहे का, किडकं लाकूड पोराच्या हातात देतोस! गल्लीतली चार माणसं बघत होती. मी ओट्यावर डोक्याला पट्टी बांधून बसलो होतो. सालदारांनी खाली पडलेले तुकडे उचलले. मोडलेल्या जागेवरून, पोटाच्या बाजूनं, अंगठा फिरवला. काचेनं झालेला खड्डा त्यांच्या अंगठ्याला लागला. तो लागलेला मला दिसला. त्यांनी मान वर करून माझ्याकडं एकदा बघितलं. मग तुकडे चुलीच्या लाकडात ठेवले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बोलले काहीच नाहीत.

मीही बोललो नाही.

पुढच्या आखाजीला वडलांनी त्यांना ठेवलं नाही. माझ्या वाक्यामुळंच ठेवलं नाही असं म्हणत नाही. दुष्काळ होता, बैल विकले होते, पंचवीस एकरात करायला काम नव्हतं. पण दुसऱ्या एका शेतकऱ्यानं वडलांना विचारलं, माणूस कसा आहे? तेव्हा वडील म्हणाले, कामाला बरा, पण भरवशाचा नाही. हे मी माझ्या कानानं ऐकलं. त्या शेतकऱ्यानंही ठेवलं नाही. ते बायकोपोरांसह दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले.

त्या पावसाळ्यात माळ्यावर वैरण चढवताना मला दुसरा फाळ सापडला. त्याच खोडाचा दुसरा अर्धा. टोकाला शेण वाळलेलं, तसाच ठेवलेला. पुढच्या हिवाळ्यात तो मी खाली घेतला. या वेळी बाविसाव्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण दोरी ओढली. खुंटी तीच, काच तशीच. बघायला दुसरा माणूस नव्हता म्हणून भिंतीवर कोळशाच्या आडव्या रेघा मारल्या आणि त्यांच्यावरून दोन्ही अंगांचा वाक मोजत गेलो. ते धनुष्य आजही आमच्या मधल्या घरात टांगलेलं आहे. कापसाच्या तोलकाट्यावर मोजलं होतं, पूर्ण ओढीला तेरा किलो भरलं. माझ्या दोन्ही पोरांनी ते चालवलं. आता म्हातारं लाकूड आहे म्हणून ओढत नाही, पण मोडलेलं नाही.

एका खोडाचे दोन फाळ. एक पहिल्या दिवशी मोडला, दुसऱ्यानं दोन पिढ्या पोसल्या. आता सांगा, लाकूड खराब होतं?

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील की लाकूड खराब असूही शकतं. असतं ना! पिळलेलं असतं, किडलेलं असतं, गाठाळ असतं, आतून कुजकं असतं. पण ते कधी बघायचं? उभ्या झाडावर, वखारीत, हातात घेताना बघायचं. ज्यानं ते बघितलं नाही त्यानं मोडल्यावर बोलू नये. आणि ज्यानं बघून, पारखून घेतलं आणि तरीही मोडलं, तो सहसा लाकडाला नावं ठेवत नाही. तो तुकडे उचलून अंगठा फिरवतो.

दुसरे म्हणतील, आप्पा, आता हे कोण करतं? चांगलं धनुष्य विकत मिळतं. मिळतं, घ्या. नेमबाजी शिकायची तर विकतचंच बरं. मी काही कारखान्याच्या विरोधात नाही, माझा ट्रॅक्टर मी गोठ्यात केलेला नाही. माझं भांडण आहे ते "दोन तासांत धनुष्य करा" असं सांगणाऱ्यांशी. दोन तासांत काठीला दोरी बांधून होते. तिला ओढायला सांगून पोरांच्या तोंडाशी खेळ करू नका.

आणि तिसरे आहेत त्यांच्याशी तर माझं जास्त भांडण आहे. माझ्या लहानपणी कामठा हातात असला की माणूस जंगली. गावात शिरताना त्याच्याकडं संशयानं बघायचे. पुढं लिंबाराम आला. राजस्थानातल्या उदयपूरकडचा आदिवासी पोरगा, बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला. तो १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून तिरंदाजीत उतरला, तेव्हा आमच्या लोकांना समजलं की ही विद्या आहे. आता हॉटेलच्या भिंतीवर कामठे टांगतात, खाली "आदिवासी कला" अशी पाटी. ज्यानं केला त्याला किती दिले, त्याचं नाव काय, हे पाटीवर नसतं. आधी त्या हाताला जंगली म्हणायचं, मग त्याच्या कामाला कला म्हणायचं, आणि दोन्ही वेळेला त्याला नाव नाही. मी हे दुसऱ्यांना बोलतोय आणि मीही नाव लिहिलेलं नाही, हे मला दिसतंय. त्यांच्या नातवाला भेटायला जायचं आहे. जातो जातो म्हणत दोन वर्षं झाली.

खरं तर त्यांनाच सांगायला पाहिजे होतं. संधी नव्हती असं नाही. तळोद्याच्या बाजारात ते मला दोनदा दिसले. एकदा मी कॉलर ताठ केलेला तरणा होतो, सायकलवर. ते रस्त्याच्या कडेला मोळी घेऊन बसले होते. त्यांनी हात वर केला. मीही हात वर केला आणि सायकलवरून उतरलो नाही. दुसऱ्यांदा दिसले तेव्हा फार थकलेले होते, मी गर्दीतून दुसऱ्या बाजूनं गेलो. त्यानंतर कळलं की गेले. तीन शब्दांचं काम होतं, "चूक माझी होती." लाकडाला बोल लावायची सवय लागली की हे तीन शब्द जिभेवर येत नाहीत.

म्हणून नव्यानं धनुष्य करणाऱ्याला माझं सांगणं असं. पहिलं धनुष्य स्वस्त लाकडाचं करा. पाच हजाराच्या लाकडाला हात लावताना हात थरथरतो, आणि मोडलं की खोटं बोलावंसं वाटतं. धामण मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर बांबू घ्या. बांबू आपल्या सगळ्या डोंगरांनी पिढ्यान्पिढ्या चालवलाय. जंगलात कुऱ्हाड घेऊन जाऊ नका, तो गुन्हा आहे. बांधावरचं बघा, मालकाला विचारा. २०१७ साली कायदा बदलून जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, त्यामुळं शेतकऱ्याकडून दोन काठ्या घेणं आता सोपं आहे. पहिल्या धनुष्याची ओढ दहा-बारा किलोच्या वर नको. ताकद दाखवायला तालीम आहे.

ओढताना चेहरा धनुष्याच्या सरळ रेषेत नको, डोळ्यावर चष्मा असू द्या. माझी भुवई बघा. बाण न लावता रिकामी दोरी कधी सोडू नका. बाणाला जायचा जोर मग लाकडातच घुमतो आणि चांगलं धनुष्यही तडकतं. ओढून धरून गप्पा मारू नका. काम झालं की दोरी उतरवा. निशाण म्हणून भुशानं भरलेलं पोतं ठेवा, मागं मातीचा बांध असू द्या, आणि वर आभाळात बाण सोडू नका. प्राण्यावर, पाखरावर तर नाहीच. १९७२ पासून वन्यजीवांचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी आता रानात आहेच काय उरलेलं?

मोडलं तर तुकडे फेकू नका. ते जपून ठेवा, कारण पहिल्या धनुष्याची खरी कमाई तीच असते. कुठून मोडलं बघा. पाठीवर तुसं उभी राहिली असतील तर तुम्ही पाठीचे तंतू कापलेत किंवा तिरप्या रेषांचं लाकूड घेतलंत. एकाच जागी मोडलं असेल तर तिथं अंगठा फिरवा, तुमच्या हातचा खड्डा सापडेल. पोटावर आडव्या सुरकुत्या असतील तर तिथं लाकूड दबून थकलंय, ती जागा जास्त वाकत होती. सगळी कबुली त्या तुकड्यात असते. वाचणाऱ्याची तयारी पाहिजे.

नातवाला मी त्या दिवशी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याचा अंगठा धरून मोडलेल्या रेषेवरून फिरवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आप्पा, रेषा इथं बाहेर पडलीये. मी बघितलीच नव्हती." मी म्हणालो, बस्स, आता तुझं धनुष्य होईल.

माघात तो सुट्टी काढून आला. नाल्याकडची धामण आता म्हातारी झालीय, पण तिच्या बुडाशी दोन चांगले फुटवे आलेत. त्यानं तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. खोड चिरून दोन फाळ केले, शेण लिंपलं, माळ्यावर ठेवले. एक त्याचा. दुसरा कुणाचा, असं त्यानं विचारलं. भिलाटीत सालदारांचा पणतू आहे, त्याच्याच वयाचा. मी म्हणालो, दिवाळीला आपण दोघं जाऊन त्याला विचारू, करतो का म्हणून. बहुतेक तोच तुला शिकवेल.